बिनपगारी इंटर्नशिपला होकार देण्याआधी

बीएएमएमसी या माध्यम-पदवीच्या दुसऱ्या वर्षानंतर सुट्टीत मी मुंबईतल्या एका वृत्तवाहिनीत इंटर्नशिप केली. ‘पैसे मिळणार नाहीत, पण शिकायला भरपूर मिळेल,’ असं मुलाखतीतच सांगितलं होतं.

काम मुख्यतः बाइट उतरवण्याचं. हेडफोन लावून नेत्याचं भाषण ऐकायचं, कामाचं वाक्य कितव्या मिनिटाला सुरू होतं, कुठे संपतं ते लिहून एडिटरला द्यायचं. हे काम मी हलकं मानत नाही. लांबलचक भाषणातून नेमके वीस सेकंद निवडणं ही बातमीदारीच आहे. पण निवड बरोबर की चूक, हे सांगायला कुणाला वेळ नव्हता. पुढे कुणी रजेवर गेलं की मला टिकरवर, म्हणजे पडद्याखाली धावणाऱ्या बातम्यांच्या पट्टीवर, बसवू लागले. शिकणं संपलं आणि फुकटची शिफ्ट सुरू झाली, ती तिथे.

रात्रपाळीच्या एका कॉपी एडिटर ताईंनी एकदा मला शेजारी बसवून माझी बातमी तपासली. ‘पाणीपुरवठा खंडित करण्यात येणार असल्याचे सांगण्यात आले’ हे वाक्य खोडून त्यांनी ‘उद्या पाणी नाही’ असं लिहिलं आणि विचारलं, “कुठे नाही? किती वाजेपर्यंत? कोण म्हणतं?” अख्ख्या सुट्टीतलं खरं शिक्षण तेवढंच.

म्हणून रुजू होण्याआधी विचारा, माझी कॉपी कोण तपासणार? उत्तरात एखाद्या माणसाचं नाव आलं नाही, तर शिकवणारं कुणी नाही असं समजा. कामाचे तास, कालावधी आणि साप्ताहिक सुट्टी ईमेलवर लिहून घ्या. प्रवासखर्च मागायला लाजू नका. रात्रपाळी असेल तर घरी सोडायला गाडी आहे का, तेही विचारा. प्रसारित झालेली बातमी, तारीख आणि त्यातला आपला वाटा यांची नोंद ठेवा. प्रमाणपत्रात यातलं काहीच येत नाही.

मुलींनो, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे, पगार असो वा नसो. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. ‘मी कुठे इथली कर्मचारी?’ म्हणून गप्प राहू नका.

माझं घर डोंबिवलीत. डबा आईचा, लोकलचा पास बाबांच्या पैशांचा, म्हणून मला ही बिनपगारी इंटर्नशिप परवडली. वर्गातली बीडची मैत्रीण माझ्याहून चांगलं लिहायची. ऊसतोड कामगारांच्या मुलांवरचा तिचा प्रकल्प सरांनी सगळ्या वर्गाला वाचून दाखवला होता. हॉस्टेल आणि मेसचे पैसे भरायचे म्हणून त्या सुट्टीत ती कपड्यांच्या दुकानात उभी राहिली. न्यूजरूममध्ये कोण पोहोचणार, हे असं आधीच ठरून जातं, आणि मग बीडची बातमी लिहायला बीड माहीत असलेलं कुणी उरत नाही. एकट्या विद्यार्थ्याने मानधन मागितलं तर त्याच्या जागी दुसरा उभाच असतो. इंटर्नशिप सक्तीची करणाऱ्या कॉलेजांनीच ते मागायला हवं, आणि न देणाऱ्या संस्थेकडे मुलं पाठवणं थांबवायला हवं.