कुलीन कोण? (साप्ताहिक अभ्यास)

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



या आठवड्याचा शब्द आहे 'कुलीन'. शब्द सोपा वाटतो, पण घरात लग्नाची बोलणी सुरू झाली की तोच आपली परीक्षा घेतो. माझी घेतली, म्हणून आधी तेच सांगते.

मागच्या वर्षी मुलासाठी एक स्थळ आलं. मुलगी शिकलेली, नोकरी करणारी. चौकशीत कळलं की तिची आई चार घरी पोळ्या करायला जाते. "घराणं जुळत नाही," असं कळवून मी बायोडाटा कपाटात ठेवून दिला आणि विसरूनही गेले.

आता अर्थ पाहू.

*पहिला अर्थ जन्माचा.* कुळ म्हणजे घराणं. चांगल्या कुळात जन्मला तो कुलीन. यात काहीच तथ्य नाही असं नाही. रोज दिवा लागतो, दारी आलेला उपाशी जात नाही, हे मूल घरात बघूनच शिकतं. पण घराणं फक्त संधी देतं, पुढचं ज्याचं त्याने करायचं.

*दुसरा अर्थ मानमरातबाचा.* खानदानी, सरदार, बडे लोक. आपल्या उज्जैनचंच बघा. शिंदे घराण्याचे मूळ पुरुष राणोजी शिंदे साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे. पेशव्यांकडे साध्या चाकरीपासून त्यांनी सुरुवात केली, असं सांगतात. पुढे उज्जैन त्यांची राजधानी झाली. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी महाकालाचं मंदिर पुन्हा उभारलं. म्हणजे मोठ्या घराण्याचा पहिला माणूस नावावर नाही, कामावर मोठा झालेला असतो.

*तिसरा अर्थ वागण्याचा.* गीतेत अर्जुन धनुष्य टाकून बसतो, तेव्हा भगवंत त्याच्या वागण्याला 'अनार्य' म्हणतात. आणि अर्जुन तर राजपुत्र!

शूद्रकाचं 'मृच्छकटिक' आपल्याच उज्जयिनीत घडतं. गोविंद बल्लाळ देवलांनी ते मराठी संगीत रंगभूमीवर आणलं. त्यातला शकार राजाचा मेहुणा. नातं सांगून मिरवतो, न्यायाधीशालाही दटावतो, वसंतसेनेचा गळा दाबतो आणि आळ चारुदत्तावर घालतो. वसंतसेना गणिका. चारुदत्ताचा लहान मुलगा मातीची गाडी नको, सोन्याची हवी म्हणून रडतो. तेव्हा ती अंगावरचे दागिने उतरवून त्या मातीच्या गाडीत भरते. आता सांगा, दोघांत कुलीन कोण?

गुरू हे कसं बघतात? छांदोग्य उपनिषदात सत्यकाम गौतम ऋषींकडे शिकायला जातो. ऋषी गोत्र विचारतात. आई जबालेने सांगितलेलं तो जसंच्या तसं सांगतो: तरुणपणी पुष्कळांकडे सेवा करत असताना तू झालास, तुझं गोत्र मला ठाऊक नाही. इतकं खरं बोलतो तोच ब्राह्मण, असं ठरवून ऋषी त्याला शिष्य करून घेतात.

गेल्या शनिवारी अभ्यासवर्गात ही गोष्ट सांगताना जबालेपाशी माझा आवाज अडला. तीही चार ठिकाणी राबणारी आईच. घरी येऊन बायोडाटा शोधला, यांच्याशी बोलले आणि फोन लावला. मुलीचं लग्न ठरलं होतं. मी माफी मागितली. तिची आई म्हणाली, "अहो ताई, मनात ठेवू नका. पत्रिका पाठवते, सगळे या."

घराणं जुळत नाही, हे मी म्हणाले ते खरंच होतं. कमी आमच्या बाजूला होती.

*आठवड्याचा अभ्यास*
१. घरी कामाला येणाऱ्या मावशींशी, भाजीवाल्या दादांशी आपण कसं बोलतो? मुलं ऐकत असतात.
२. स्थळ बघताना 'घराणं कसं?' याच्या आधी 'माणसं वागतात कशी?' हे विचारू.
३. रात्री जपाला बसण्यापूर्वी आठवू: ज्याच्याकडून मला काहीच मिळणार नव्हतं, त्याच्याशी आज मी कशी वागले?

उत्तरं ग्रुपवर टाकू नका. गुरुचरणी ठेवा.

आम्ही लग्नाला जाणार आहोत.

जय गुरुदेव 🙏
आपली एक सेवेकरी भगिनी, उज्जैन