कुमारवाचकांसाठी कादंबरीची निवड

कादंबरीची शिफारस करताना वाचकाची परिस्थिती प्रथम लक्षात घ्यावी लागते. बीड जिल्ह्यातील अनेक मुले ऊसतोडीच्या हंगामात आई-वडिलांबरोबर गाव सोडतात. सहावी ते आठवीतील अशा मुलांचे वाचन महिनोन्‌महिने खंडित होते. म्हणून येथे दोन निकष महत्त्वाचे ठरतात.

१. रचना : साने गुरुजींची ‘श्यामची आई’ (१९३५) रात्रींमध्ये विभागलेली आहे. प्रत्येक रात्रीचा प्रसंग बहुतांशी स्वयंपूर्ण असल्याने वाचनात खंड पडला तरी पुन्हा सुरुवात करणे सोपे जाते.

२. भाषा : व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) निवेदन प्रमाणभाषेत, तर संवाद माणदेशी बोलीत आहेत. घरी बोली बोलणाऱ्या मुलाला आपल्यासारखे बोलणे छापील पानावर भेटते. त्याच आधाराने तो प्रमाणभाषाही आत्मसात करतो. दुष्काळात ओस पडणारी वाडी त्याला परकी वाटत नाही. शेवट मात्र विषण्ण करणारा असल्याने वाचनानंतर मुलांशी चर्चा अवश्य करावी.

स्वाध्याय : आपल्या परिचयातील सातवीच्या एका विद्यार्थ्यासाठी कादंबरी निवडा व वरील निकषांच्या आधारे निवडीचे समर्थन करा.