मेलबॉक्स फुल, पण भरलं नेमकं काय?

धाराशिवमधल्या एका शेतकरी संस्थेचा मेल सर्व्हर मी बारा वर्षं सांभाळला. एक मशीन, त्यावर लिनक्स, पोस्टफिक्स आणि डव्हकॉट, आणि सत्तरेक मेलबॉक्स. कळंबपासून उमरग्यापर्यंतच्या केंद्रांचा पत्रव्यवहार त्यावरून चालायचा. जे शिकलो ते बरंचसं चुकून शिकलो. आता माझ्या जागी आलेल्या मुलांना त्याच चुका पुन्हा करायला लागू नयेत म्हणून लिहितो आहे.

१. आधी आकडा वाचा, मग हात लावा.

२०२२ च्या खरिपात परतीच्या पावसाने काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं. पीकविम्यासाठी अशा नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागे. ज्यांना मोबाइलवरचं ॲप जमत नव्हतं ते सातबारा, विम्याची पावती आणि शेताचे फोटो आमच्या मेलवर पाठवत, आणि केंद्रातली माणसं त्यांची सूचना नोंदवून देत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाशी तालुक्यातल्या केंद्रचालकाचा फोन आला. "सर, लोक म्हणत्यात मेल टाकलाय, आपल्याकडं तर दुपारपासनं एकबी आला नाही."

लॉग उघडला तर एकाखाली एक तीच ओळ, ५५२ ५.२.२. त्या मेलबॉक्सचा कोटा संपला होता. डव्हकॉटच्या मूळ सेटिंगमध्ये कोटा भरला की येणारा मेल कायमचा नाकारला जातो. पाचने सुरू होणारा आकडा म्हणजे कायमचा नकार. मग पाठवणारा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करत नाही, पाठवणाऱ्याला तेवढं एक इंग्रजी पत्र परत जातं. चारने सुरू होणारा आकडा म्हणजे "थोड्या वेळाने या". तेव्हा मेल पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवर रांगेत थांबतो. पोस्टफिक्स असेल तर ठरावीक ५ दिवस.

चिखलात उभ्या माणसाने ते इंग्रजी पत्र उघडून का वाचावं? त्याच्या लेखी त्याने सूचना दिलेली होती. कोटा वाढवायला मला दोन मिनिटं लागली, पण नाकारलेले मेल त्याने परत येणार नव्हते. लॉगमधून पाठवणाऱ्यांचे पत्ते काढले, केंद्रांना याद्या दिल्या, रात्रभर फोन चालले. बहुतेक जण सापडले. काही सापडले तेव्हा मुदत उलटून गेली होती, आणि ते मला आजही लागून राहिलं आहे.

त्याच रात्री कोटा भरल्यावर तात्पुरता नकार देण्याचं सेटिंग चालू केलं. मात्र एवढ्यावर निर्धास्त राहू नका. तात्पुरत्या नकारात पाठवणाऱ्याला कित्येक तास काहीच कळत नाही, म्हणून ८० टक्क्यांना इशारा हवाच, आणि तो भरलेल्या मेलबॉक्समध्ये नव्हे तर माणसाच्या फोनवर जायला हवा.

२. प्रत्येक ५५२ म्हणजे कोटा नव्हे.

पुढचे आकडे बघा. ५.२.२ म्हणजे मेलबॉक्स भरला. ५.३.४ म्हणजे तो एक मेलच मर्यादेपेक्षा मोठा आहे. पोस्टफिक्सची मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइट, म्हणजे साधारण १० एमबी. मेलमध्ये जाताना जोडलेली फाइल अक्षरांत बदलली जाते आणि तिचा आकार एक तृतीयांशाने वाढतो. ३ एमबीचे तीन फोटो मोबाइलवर ९ एमबी दिसतात, सर्व्हरच्या दारात ते १२ च्या वर पोचतात. मी एकदा अख्खा दिवस कोटा वाढवत बसलो होतो, दोष या मर्यादेचा होता.

३. डिस्क रिकामी असूनही "जागा नाही" असं येतं.

आमच्याकडे वीज सारखी जाते-येते. यूपीएसचं सॉफ्टवेअर दर वेळी दोन-तीन केबीचा मेल टाकायचं, आणि तो मेलबॉक्स कुणी उघडत नव्हतं. एक दिवस सगळ्यांचेच मेल थांबले. डीएफ लावून पाहिलं तर अर्ध्याहून अधिक डिस्क मोकळी. संपले होते आयनोड. मेलडिर पद्धतीत प्रत्येक मेल ही स्वतंत्र फाइल असते आणि प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो. ईएक्सटी४ मध्ये त्यांची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते, साधारणपणे दर १६ केबीला एक. नुसता डीएफ पाहू नका, आयनोड दाखवणारा डीएफही त्याच्या जोडीने पाहा. मेलसाठी नवीन डिस्क फॉरमॅट करताना आयनोड जास्त ठेवा, नंतर वाढवणं फार अवघड जातं.

४. मोठी लॉग फाइल पुसली तरी जागा मोकळी झाली नाही, तर ती कुठल्या तरी प्रोग्रॅमने अजून उघडी धरलेली असते. तो प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला की जागा मिळते.

५. मेलच्या फाइली हाताने पुसू नका.

कोट्याचा हिशोब डव्हकॉट आपल्याजवळ वेगळा ठेवतो. फाइली मागून पुसल्या तर हिशोब जुनाच राहतो आणि रिकामा मेलबॉक्सही फुल दिसतो. मग कोट्याची फेरमोजणी करावी लागते. पण मला त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. जागा करायची म्हणून एका ज्येष्ठ लिपिकांचे जुने मेल मी न विचारता काढले. दोन दिवसांनी ते शेजारी येऊन बसले. "अहो, त्यात विम्याच्या पोचपावत्या होत्या." आवाज अजिबात चढला नव्हता. बॅकअपमधून बऱ्याच मिळाल्या, सगळ्या नाही. तेव्हापासून मालकाला विचारल्याशिवाय एकही मेल हलवला नाही.

६. नाव बदललं की पत्ते मोजा.

२०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, तसे आम्हीही नव्या नावाचे मेल पत्ते काढले आणि जुन्यावर आलेला मेल नव्यावर वळवला. वळवताना जुन्यात प्रत ठेवण्याची खूण तशीच राहिली. प्रत्येक पत्र दोनदा साठत होतं, आणि हे लक्षात यायला चार महिने गेले.

७. डिस्कवर लिहिता येत नाही म्हणजे ती भरलीच असं नाही.

वीज अचानक गेल्यावर फाइल सिस्टिममध्ये चूक सापडली, तर लिनक्स ती फक्त वाचण्यापुरती ठेवू शकतं. अशा वेळी मशीन पुन्हापुन्हा चालू-बंद करू नका. कर्नलचा लॉग वाचा, डिस्कची तब्येत पाहा, बॅकअप हाताशी आहे याची खात्री करा, आणि मगच डिस्क अनमाउंट करून तपासा.

निघण्यापूर्वी एक काम करून ठेवलं आहे, ते मोडू नका. कोटा भरल्यावर सर्व्हर जे उत्तर देतो त्यातलं वाक्य बदलता येतं. तिथे देवनागरी भरवशाने पोचत नाही, म्हणून मराठी वाक्यच इंग्रजी अक्षरांत लिहिलं आहे. पेटी भरली आहे, केंद्रावर लगेच फोन करा, आणि त्यापुढे केंद्राचा नंबर.