आजीसाठी खेळ

दुपारची जेवणे आटोपून घर सामसूम झाले, की आजीचा वेळ जाता जात नाही. मुलगा व सून कामावर, नातवंडे शाळेत. पूर्वी शेजारच्या चार बायका जमत आणि बदाम सातचा डाव रंगे. आता त्यांतील कोणी मुलाकडे परगावी गेली, तर कोणाचे गुडघे जिना उतरू देत नाहीत. अशा वेळी नातवाच्या मनात येते, की संगणकावर आजीलाही एखादा खेळ लावून द्यावा. हेतू उत्तम खरा. परंतु हे काम तो समजतो तितके सोपे नव्हे.

पहिली चूक बहुधा अशी होते, की जो खेळ स्वतःला आवडतो तोच तो आजीपुढे ठेवतो. १९८४ साली मॉस्को येथे अलेक्सी पाजित्नोव्ह याने रचलेला ‘टेट्रिस’ हा खेळ घ्या. त्याचे नियम दोन वाक्यांत सांगून होतात. वरून ठोकळे पडतात. ते फिरवून अशा बेताने बसवावयाचे, की आडवी ओळ पुरी भरावी. पण ठोकळ्यांचा वेग वाढत जातो. ठोकळा कोठे बसवावा हे आजीला उमगते. मात्र उमगेपर्यंत तो खाली येऊन पडलेला असतो. दोन-तीन डाव हरल्यावर ती चष्मा काढते आणि म्हणते, “डोळे दुखतात रे बाळ, राहू दे.” डोळे दुखतात हे खोटे नसते, पण नातवासमोर आपण मंद ठरलो, हे शल्य त्यामागे असते, आणि ते ती बोलून दाखवीत नाही. एकदा असे झाले, की पुढे कितीही आग्रह केला तरी ती त्या यंत्राजवळ फिरकत नाही.

यास्तव, ज्या खेळात घड्याळ पाठीस लागत नाही, तोच प्रथम निवडावा. त्यानंतर शरीराचा विचार. चाळिशीनंतर डोळ्यातील भिंगाची लवचीकता कमी होते. पुढे ते पिवळसर होत जाते आणि निळ्या रंगाच्या जवळजवळच्या छटा वेगळ्या ओळखू येत नाहीत. वयोमानाने बोटांची त्वचा कोरडी पडते, त्यामुळे स्पर्शाने चालणारा पडदा कित्येकदा त्यांची दखलच घेत नाही. हात कापत असेल, तर माउसची कळ लागोपाठ दोनदा दाबणे हेही संकटच. चित्रे मोठी, रंग ठळक आणि चुकलेली चाल मागे घेण्याची सोय, एवढे तरी पाहावेच.

या साऱ्या कसोट्यांस उतरणारा एक जुना खेळ म्हणजे पेशन्स अथवा सॉलिटेअर. १९९० साली मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज ३.०’ या प्रणालीबरोबर तो घरोघरच्या संगणकांवर आला. ५२ पानांपैकी २८ पाने सात ढिगांत मांडलेली असतात. काळ्यावर तांबडे, तांबड्यावर काळे असे उतरत्या क्रमाने लावीत एकेक पान मोकळे करावयाचे, आणि शेवटी इस्पिक, बदाम, चौकट, किलवर असे चारही रंग एक्क्यापासून राजापर्यंत चढवावयाचे. जिने उभा जन्म बदाम सात खेळण्यात घालवला, तिला यात नवे असे फारच थोडे. सगळेच डाव सुटत नाहीत, हे मात्र आधी सांगून ठेवावे. नाहीतर ती दोष स्वतःकडे घेईल.

फरशांच्या जोड्या जुळविण्याचा माहजोंग हाही तसाच शांत खेळ. १९८१ साली तो संगणकावर आणणारा ब्रॉडी लॉकार्ड हा तरुण अपघातामुळे हातपाय गमावल्यासारखा पांगळा झाला होता. तोंडात काठी धरून तो कळा दाबीत असे. ज्याचा हात चालत नाही त्यालाही खेळता यावे, ही जाण त्या खेळात उतरली आहे. आकड्यांची आवड असणाऱ्या आजोबांस सुडोकू द्यावे.

फुकट मिळणाऱ्या खेळांविषयी सावध असावे. डाव ऐन रंगात असता जाहिरात उभी राहते, ती मिटविण्याची फुली मोहरीएवढी असते, आणि चुकून भलतीकडे बोट पडले तर पैसे मागणारे पान उघडते. ‘या खेळाने विस्मरण टळते’ अशा बढाईलाही भुलू नये. पुरावा नसता असाच प्रचार केल्याबद्दल ‘लुमॉसिटी’ या खेळांच्या अमेरिकन कंपनीस २०१६ साली २० लक्ष डॉलर भरावे लागले.

खेळ लावून देऊन नातवाने निघून जाऊ नये, हे तर सांगावयासच नको. पहिले काही दिवस त्याने शेजारी बसावे, पण हात मात्र आजीचाच चालू द्यावा. तो घाईने पुढे झाला, की ती त्याचे मनगट धरते: “थांब रे! किलवरची नव्वी चौकटच्या दश्शीवर जाते, दिसत नाही का तुला?”