हवामानाचा हक्क आणि आपली झुडपी जमीन



मृग कोरडा गेला, पऱ्हे वाळले, रोवणी लांबली की आपल्याकडे दोन वाक्ये ऐकू येतात. एक, ‘देवाची मर्जी!’ दुसरे, ‘सरकारने काही मदत दिली तर बरे.’ पहिल्या वाक्यात कोणीच जबाबदार ठरत नाही. दुसऱ्यात आपण याचक होतो. आज आपण तिसरा शब्द समजून घेऊ या : हक्क.

ज्याचे त्याला देणे म्हणजे न्याय, असे संत थॉमस अक्वायनस शिकवतात. दया देणाऱ्याच्या मनावर असते. हक्काचे तसे नाही. एकाचा हक्क म्हणजे दुसऱ्या कोणाचे तरी कर्तव्य.

21 मार्च 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एम. के. रणजितसिंह यांच्या याचिकेवर निकाल दिला. प्रकरण होते राजस्थान-गुजरातमधील माळढोक पक्ष्याचे आणि विजेच्या तारांचे. पण सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने त्यात एक मोठी गोष्ट मान्य केली : हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा नागरिकांचा हक्क आहे. त्याला आधार संविधानाच्या दोन कलमांचा. कलम 21 जीविताचे, कलम 14 समानतेचे. समानतेचे का? कारण ऊन सर्वांवर पडते, पण सर्वांना सारखे भाजत नाही. ज्याचे छत टिनाचे आणि मजुरी उन्हातली, त्याला ते अधिक भाजते.

जगातही हेच घडत आहे. 9 एप्रिल 2024 रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने स्वित्झर्लंडच्या वृद्ध महिलांच्या संघटनेच्या बाजूने निकाल दिला. 23 जुलै 2025 रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे, असे मत दिले. त्यासाठी पुढाकार घेतला होता वानुआतू या चिमुकल्या बेटांच्या देशाने.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू या. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असलेली हजारो हेक्टर जमीन आहे. मालगुजारीच्या काळात ती गुरे चारण्याची होती. पुढे तिच्यावर घरे, शाळा, दवाखाने, स्मशाने झाली, शेतीही झाली. 22 मे 2025 रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्या. ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांनी निकाल दिला की ही जमीन वनजमीनच आहे. मात्र 12 डिसेंबर 1996 पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने जी जमीन वाटून दिली, ती वनाच्या यादीतून वगळण्यासाठी राज्याने केंद्राची मंजुरी मागावी.

येथे दोन हक्क समोरासमोर उभे राहतात. झुडपे राहिली तर माती धरून राहते, पाणी जिरते, गुरांना चारा मिळतो. पण त्याच जमिनीवर कोणाचे तरी घर आहे, आणि निवाराही जीविताच्या हक्कातच येतो. न्यायालयाने एकासाठी दुसरा टाकून दिला नाही. आम्हांला यातला धडा महत्त्वाचा वाटतो. निसर्ग वाचवायचा म्हणून गरिबाला उठवणे हा न्याय नव्हे. गरिबाचे नाव पुढे करून धनवानाने रान गिळणे हाही न्याय नव्हे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हेच मांडले आहे की, पर्यावरणाचा आणि गरिबांचा प्रश्न वेगळा करता येत नाही.

कागदावरचा हक्क मागितल्याशिवाय हाती येत नाही. म्हणून आपल्या घराच्या, शेताच्या नोंदी तलाठ्याकडे पाहून घ्या. जुने पट्टे, पावत्या जपून ठेवा. ग्रामसभेला जा, बायाबापड्यांनाही सोबत न्या. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना 1987 च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अर्ज विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा असतो.

चिंतनासाठी प्रश्न :
1. आपल्या गावात उन्हाची आणि अवकाळीची झळ सर्वांत आधी कोणाला बसते?
2. आपल्या शिवारातील झुडपी जमिनीवर कोणाचे पोट आहे, आणि ती राखण्याचे कर्तव्य कोणाचे?