घरची शुश्रूषा

मालवणच्या किनाऱ्यावर माडांच्या बागा आहेत. माड साठ-सत्तर फूट उंच वाढतो. नारळ पाडणारा माणूस झरझर वर चढतो. पावसात खोड निसरडे होते. तेव्हा पाय घसरला तर? होडीतही कधी तोल जाऊन डोके आपटते. आणि मोटारसायकलच्या अपघातांबद्दल तर बोलायलाच नको!

डोक्याला जबर मार लागला, की रोग्याला लगेच रुग्णालयात न्यावे लागते. सिंधुदुर्गातील पुष्कळ रोगी गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात. मालवणपासून ते शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. तेथे डॉक्टर रोग्याचा जीव वाचवतात. काही दिवसांनी टाके निघतात आणि रोगी घरी येतो. शेजारी म्हणतात, "आता अगदी बरे दिसतात!" पण घरच्यांचे खरे काम येथून सुरू होते.

आपल्या मेंदूचे वजन दीड किलोसुद्धा भरत नाही. तरी बोलणे, चालणे, आठवण, राग, हसू हे सारे त्याच्या ताब्यात असते. हाताचे हाड मोडले तर प्लास्टर दिसते. मेंदूची जखम बाहेरून दिसत नाही, म्हणून घरचे लोक फसतात. "होडी बांधली का?" असे वडील पाच मिनिटांत तीनदा विचारतात. मुलगा वैतागून म्हणतो, "अब्बा, सांगितलं ना!" पण अब्बा मुद्दाम त्रास देत नाहीत. नवी गोष्ट लक्षात ठेवणे त्यांच्या मेंदूला अजून जमत नाही. एरवी शांत असलेला माणूस क्षुल्लक कारणावरून ओरडतो, तेही बहुधा या जखमेमुळेच.

अशा माणसाला एका वेळी एकच गोष्ट सांगावी आणि उत्तरासाठी थांबावे. त्याचे वाक्य आपण पुरे करू नये. चष्मा, औषधे, चपला रोज ठरलेल्या जागी ठेवाव्यात. दिवसाची कामे एका वहीत लिहावीत. टीव्ही आणि पाहुण्यांचा गलका एकाच वेळी नको. थकलेल्या मेंदूला तो सोसत नाही. सदरा घालायला पंधरा मिनिटे लागली तरी त्याचा त्यालाच घालू द्यावा. आपण घातला तर वेळ वाचतो, पण सराव बुडतो. फिट येऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. डोकेदुखी वाढली, उलट्या झाल्या किंवा गुंगी आली, तर ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे.

एक नवलाची गोष्ट सांगतो. काही रोग्यांना 'पाणी' हा साधा शब्दही सापडत नाही. पण लहानपणी पाठ केलेली प्रार्थना ते न अडखळता म्हणतात!

1962 साली भारताचे क्रिकेट कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टर यांना बार्बाडोस येथे चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू डोक्याला लागला. कवटीला तडा गेला. ते सहा दिवस बेशुद्ध होते. त्यांना रक्त हवे होते. ते देणाऱ्यांत चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णी होतेच. पण वेस्ट इंडीजचे कप्तान फ्रँक वॉरेल हेही होते! पुढे कॉन्ट्रॅक्टर पुन्हा मैदानावर उतरले आणि अनेक वर्षे खेळले. कसोटी सामना मात्र त्यांना परत खेळायला मिळाला नाही. बरे होणे म्हणजे सारे पूर्वीसारखे होणे, असे नेहमीच घडत नाही.

अशा घरात एका माणसाला सगळे विसरतात. तो म्हणजे शुश्रूषा करणारा. अम्मी रात्री जागते, दिवसा स्वयंपाक करते आणि रोग्याचा रागही सोसते. तेव्हा मुलांनी पाळ्या लावून घ्याव्यात. संध्याकाळी तासभर मुलीने अब्बांजवळ बसावे, आणि अम्मीने खुशाल शेजारच्या खालाकडे गप्पा मारायला जावे.

स्वाध्याय
1. घरचे लोक का फसतात?
2. सदरा रोग्याला स्वतः का घालू द्यावा?
3. तुमच्या घरी कोणी आजारी असताना तुम्ही कोणते काम केले? पाच वाक्ये लिहा.