होयाची वेल : निगा आणि विक्री

व्यापारी व कारागीर बंधूंनो, होया ही जाड, मेणचट पानांची वेल दुकानाच्या खिडकीतही फुलते. फुले मेणाची घडवल्यासारखी, चांदणीच्या आकाराची, घोसाने येतात. 1810 साली वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी थॉमस हॉय या माळ्यावरून तिला हे नाव दिले.

उजेड : सेनगावचे मे महिन्याचे ऊन दर्शनी कापडाचा रंग उडवते, तसे पानही करपवते. पूर्वेची खिडकी उत्तम. अंधाऱ्या कोपऱ्यात वेल जगते, पण फुलत नाही.

माती व पाणी : रानात बहुतेक होया झाडाच्या खोडावर वाढतात, म्हणून मुळांना हवा लागते. आपली काळी माती टाळा. नारळाचा भुसा व कोळशाचे तुकडे मिसळा. कुंडी लहानच ठेवा. माती वाळल्यावरच पाणी द्या. जास्त पाण्याने मुळे कुजतात.

फुले : कळ्या दिसल्यावर कुंडी हलवू नका. फुले गळली तरी त्यांचा देठ कापू नका. पुढचा बहर त्याच देठावर येतो.

विक्री : दोन पेरांची फांदी लावून रोप तयार होते. 'होया केरी'चे हृदयाच्या आकाराचे एकच पान कुंडीत खोचूनही विकतात. त्याला मुळे फुटतात, ते वर्षानुवर्षे हिरवे राहते. पण सोबत खोडाचा डोळा नसेल तर वेल होत नाही. ग्राहकाला हे आधीच सांगा. डाग दडवलेला तागा एकदाच खपतो, गिऱ्हाईक मात्र कायमचे तुटते.